दिव्याचा पल्ला किती आणि गाडी थांबते कुठे? खान्देशातल्या रात्रीच्या रस्त्यांबद्दल

ज्यांना हा भाग ऐकण्याऐवजी वाचायचा आहे, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना झालेली अडखळ काढून टाकलीय, आकडेमोड जरा नीट मांडलीय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तीन वर्षांपूर्वीची, जानेवारीतली गोष्ट. चोपड्याला आत्तेबहिणीचं लग्न होतं. पंगती उरकून, निरोप घेऊन निघायला रात्रीचे साडेदहा वाजले. भुसावळला परतायचं होतं. गाडीत मी आणि बायको पुढे, आई आणि मोठी मावशी मागे. डिकी आहेराच्या पिशव्यांनी आणि बुंदीच्या डब्यांनी गच्च. रस्ता आपला नेहमीचा, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सातपुड्याच्या पायथ्याने रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा जाणारा हा रस्ता. दोन पदरी, मधे दुभाजक नाही. बऱ्याच ठिकाणी केळीच्या बागा अगदी रस्त्याला येऊन टेकलेल्या, त्यामुळे रात्री दोन्ही बाजूंना काळी भिंत उभी असल्यासारखं वाटतं.

अडावद मागे टाकलं. काटा पंचाहत्तरवर होता. मला तो वेग जास्त वाटत नव्हता, हे आधीच कबूल करतो. रस्ता ओळखीचा, गाडी चांगली, मी जागा. समोरून एक ट्रक आला, अप्पर लावून. मी डिप्पर मारला, त्याने काही दिवे पाडले नाहीत. मग मी चिडून त्याच्या दिव्यांकडेच बघत राहिलो. ट्रक शेजारून गेला आणि पुढे सगळं काळं. त्या काळ्यात त्याहून काळं असं काहीतरी होतं. ते काय आहे हे कळेपर्यंत पाय ब्रेकवर गेला होता आणि हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं होतं. उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस असा बाहेर आलेला की असता तरी दिसला नसता. माझा डावा आरसा वाढ्यांत अडकून तुटला आणि मागच्या दारावर शेवटपर्यंत ओरखडे आले. उजवी बाजू मोकळी होती म्हणून आज हा भाग करतोय. त्या ट्रकच्या मागे दुसरा ट्रक असता तर? या प्रश्नावर मावशी अजून अंगारा काढून ठेवते.

पुढे थांबलो. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीतला, थंडीने कानाला मफलर गुंडाळलेला. मी तावातावाने गेलो. तो म्हणाला, "लाईट व्हता दादा, वायर तुटी गयी." खरं होतं. वायर लोंबत होती. त्याच्यावर ओरडून काही निघणार नव्हतं. त्याची चूक होतीच, पण घरी आल्यावर मी कागद-पेन घेऊन बसलो आणि माझी चूक त्याच्यापेक्षा मोठी निघाली.

ते गणित

गाडी थांबायला दोन टप्पे लागतात. डोळ्याने बघितलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, हा पहिला टप्पा. या वेळात गाडी त्याच वेगाने चाललेली असते. जागा माणूस, चांगल्या परिस्थितीत, साधारण दीड सेकंद धरा. दुसरा टप्पा ब्रेक लागल्यापासून गाडी उभी राहीपर्यंतचा. कोरडा डांबरी रस्ता, बरे टायर, बरे ब्रेक असं सगळं गृहीत धरलं तर ताशी ६० ला पहिला टप्पा २५ मीटर आणि दुसरा साधारण २३ मीटर, एकूण ४८. ताशी ८० ला एकूण ७५ च्या आसपास. ताशी १०० ला १०६. वेग दुप्पट झाला की दुसरा टप्पा चौपट होतो, म्हणून हे आकडे असे उड्या मारत वाढतात.

हे झालं आदर्श. रस्ते आखणारे इंजिनिअर इतका भाबडेपणा करत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत ड्रायव्हरला भानावर यायला अडीच सेकंद दिलेत आणि घर्षणही हात राखून धरलंय. त्यांच्या हिशेबाने थांबण्यासाठी पुढचा रस्ता ताशी ६० ला ८० मीटर, ताशी ८० ला १२० मीटर आणि ताशी १०० ला १८० मीटर दिसला पाहिजे.

आता दुसरी बाजू. डिपरवर, म्हणजे खालच्या दिव्यावर, आपल्याला किती लांबचं दिसतं? चकाकणारा बोर्ड खूप लांबून दिसतो, त्याने फसू नका. काळपट, धुळीने माखलेली, दिवा नसलेली ट्रॉली किंवा गडद कपड्यातला माणूस चाळीस-पंचेचाळीस मीटरच्या अलीकडे सहसा ओळखू येत नाही. माणूस तर कित्येकदा तीसवर आल्यावर कळतो.

दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ट्रॉली उभी आहे आणि मला ती ४५ मीटरवर दिसली असं धरू. माझा वेग ७५. भानावर येण्यातच ३१ मीटर गेले. ब्रेकला उरले १४. त्या १४ मीटरमध्ये वेग ७५ वरून किती उतरतो? फक्त ५९ पर्यंत. म्हणजे मी कितीही चपळ असलो तरी ट्रॉलीवर ताशी ५९ ने आदळणार. हाच वेग ६० असता तर? धडक बसली असती, पण ताशी बावीस-तेवीसने. बोनेट गेलं असतं, माणसं राहिली असती. आणि ५५ असता तर गाडी ट्रॉलीच्या दोन-तीन मीटर अलीकडे उभी राहिली असती.

पंचाहत्तर आणि पंचावन्न यांत वीसचा फरक. अडावद ते यावल या पल्ल्यात त्या फरकाने जेमतेम दहा मिनिटं वाचतात. त्या रात्री मी ती दहा मिनिटं वाचवत होतो, आणि मागे आई-मावशी डुलक्या घेत होत्या.

हे गणित केल्यावर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. रात्री आपण दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवतच नाही. उजेड संपतो त्याच्या पुढच्या रस्त्यावर काही नसेल, या भरवशावर चालवतो. बहुतेक रात्री तो भरवसा खरा ठरतो, म्हणून सवय लागते.

आपल्या रस्त्यावर त्या काळोखात काय काय असतं

महामार्गावरच्या सूचना वाचल्या की वाटतं रात्री रस्त्यावर फक्त गाड्या असतात. खान्देशात तसं नाही. हंगाम बघून सांगता येतं पुढे काय भेटेल. नोव्हेंबर ते मार्च उसाच्या ट्रॉल्या, कधी एकामागे दोन जोडलेल्या. कापूस निघाला की पऱ्हाट्यांनी भरलेल्या बैलगाड्या. बैलाच्या डोळ्यांवर उजेड पडला तर ते चमकतात, पण मागून येणाऱ्याला बैल दिसत नाही, दिसतो तो पऱ्हाट्यांचा ढीग, आणि तो रात्रीच्या रंगाचाच असतो. केळीची गाडी भरायला संध्याकाळ होते आणि मग ट्रक रात्रीच बाहेर पडतात. रानडुकरं आहेतच.

आणि माणसं. रात्री एक वाजता रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस दिसला की बाहेरगावचे लोक म्हणतात, हा पिऊन असेल. अहो, तो पाण्याची बारी बदलायला निघालेला असतो. शेतीपंपाची थ्री-फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची लाईट असली की अख्खं शिवार जागं. खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, आणि ती बॅटरी सापासाठी पायाशी धरलेली. तुमच्याकडे तिचा उजेड येतच नाही. पूर्वी आमचे आजोबा पांढरं धोतर, पांढरी टोपी घालून जायचे, ते लांबून दिसायचे. आताची पोरं काळं जॅकेट घालतात. त्याला काळं शोभतं, मान्य, पण मला तो दिसत नाही.

याच रस्त्यावर, आम्ही त्या रात्री पुढे ज्या किनगाववरून गेलो तिथे, १५ फेब्रुवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर पपई भरलेला ट्रक उलटला होता. ट्रकमध्ये मालाबरोबर मजूर बसलेले होते. रावेर तालुक्यातली माणसं, बायका आणि लहान मुलंही. किमान पंधरा जण गेले. तो अपघात दिव्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. पण आपल्या भागात रात्रीच्या मालगाडीत नुसता माल नसतो, हे विसरता येत नाही. दिवसभर तोडणी, संध्याकाळी भरणी आणि मग घरी जायला तीच गाडी. समोरचा ट्रक दिसला की त्यावर झोपलेली माणसं आहेत असं धरून चालवावं. मी आता तसं धरतो.

दुसरी तारीख १८ ऑगस्ट २०१९, रविवारची रात्र. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाजवळ निमगूळला औरंगाबादहून शहाद्याकडे निघालेली एसटी आणि कंटेनर यांची धडक झाली. किमान तेरा जण गेले. चूक कोणाची यात मी पडत नाही, तो तपासाचा भाग. पण अशा दोन पदरी रस्त्यावर रात्री ओव्हरटेक करण्याचं गणित सांगतो. पुढचा ट्रक ५० ने चाललाय, तुम्ही ७० ने त्याला मागे टाकताय. बाहेर निघून पुन्हा आत यायला साधारण दहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १९५ मीटर जाता आणि समोरून ८० ने येणारा २२० मीटर येतो. म्हणजे चारशे मीटरच्यावर रस्ता रिकामा हवा. डिपर दाखवतं चाळीस-पन्नास. समोर दिवे दिसत नाहीत म्हणजे रस्ता रिकामा असा अर्थ आपण लावतो, आणि नेमकी तिथे बिनदिव्याची मोटारसायकल असते. शिवाय लांबून येणारे दोन दिवे किती लांब आहेत आणि किती वेगात आहेत, हे रात्री डोळ्याला खरंच कळत नाही. दोन ठिपके बराच वेळ तेवढेच दिसतात आणि एकदम मोठे होतात. एकच दिवा दिसला तर मोटारसायकल समजू नका. डाव्या बाजूचा एकच दिवा चालू असलेला ट्रकही असू शकतो, आणि मग त्याचा उरलेला भाग तुमच्या बाजूला असतो.

ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो, त्याचा अर्थ काय? कोणाच्या भाषेत 'जा पुढे', कोणाच्या भाषेत 'मी वळतोय', कोणाच्या भाषेत 'समोरून गाडी येतेय, थांब'. दिवसा बघून ठरवता येतं. रात्री मी त्यावर विसंबत नाही.

धुळे–जळगाव महामार्ग चौपदरी झाल्यावर समोरच्या दिव्यांचा त्रास कमी झाला, हे नक्की. पण दुभाजकातला कट लांब पडतो म्हणून गावातली मोटारसायकल, ट्रॅक्टर सरळ उलट्या बाजूने येतात, तेही कडेच्या पट्ट्यातून. त्यामुळे चौपदरीवर गेलो की आता सुटलो, असं मनात आणू नका.

डोळा आणि समोरचा दिवा

आता त्या ट्रकच्या दिव्याकडे मी बघत राहिलो, त्याचं काय झालं ते सांगतो. डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी उजेडात आणि रंग ओळखायला, दंडाकार पेशी अंधारात. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो सराव एका अप्पर लाईटने सेकंदात मोडतो. लगेच सगळं परत मिळत नाही. पुढचे काही सेकंद आपण जवळजवळ आंधळे असतो. ताशी ७५ म्हणजे सेकंदाला २१ मीटर. तीन सेकंदांत ६३ मीटर गाडी डोळे मिटून चालवल्यासारखं.

म्हणून समोरून प्रखर दिवा आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर टाकायची. पट्टा नसेल तर डांबराच्या कडेवर. आणि वेग दिवा जवळ यायच्या आधीच उतरवायचा. दिवा निघून गेल्यावर ब्रेक लावण्यात अर्थ नाही, तोवर तुम्ही काळ्या पट्ट्यात शिरलेले असता.

सूड म्हणून आपणही अप्पर लावायचा, ही आपली आवडती पद्धत. त्याने आंधळे ड्रायव्हर एकाचे दोन होतात, एवढंच.

आणि आता माझी फजिती. त्या ट्रकवाल्याने अप्पर का लावून ठेवला असेल, याचं एक उत्तर मला नंतर सापडलं. बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगच्या उजवीकडे खाली एक छोटी चकती असते, त्यावर शून्य, एक, दोन, तीन असे आकडे. मी ती गाडी घेतल्यापासून कधी फिरवली नव्हती. ती हेडलाईट वर-खाली करायची चकती. मागे दोन माणसं बसली आणि डिकी भरली की गाडीचा मागचा भाग दबतो, नाक वर होतं आणि डिपरचा उजेडसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा चकती आकड्याने वर न्यायची, म्हणजे दिवे खाली येतात. पुढे दोघेच असले तर शून्य, मागे माणसं बसली तर एक, त्यावर डिकीही भरली तर दोन-तीन. नेमकं गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. माझी शून्यावर होती. म्हणजे त्या बिचाऱ्याला मीच अप्पर मारत आलोय असं वाटलं असणार, आणि माझ्या डिप्परने तर त्याची खात्रीच पटली असणार!

डिपरबद्दल आणखी एक. आपण डावीकडून चालतो म्हणून आपल्या गाड्यांचे दिवे असे बनवलेले असतात की उजेड डाव्या कडेला लांबवर जातो आणि उजवीकडे अलीकडेच कापला जातो, समोरच्याचे डोळे वाचावेत म्हणून. म्हणजे डावीकडून रस्त्यात येणारा माणूस जरा लवकर दिसतो, उजवीकडून येणारा उशिरा. गाव ओलांडताना उजव्या बाजूला जास्त लक्ष ठेवा.

बाजारात पांढरेशुभ्र एलईडी बल्ब मिळतात, जुन्या हॅलोजनच्या जागी घालायचे. घालू नका. ज्या वाटीत ते बसवतात ती वाटी हॅलोजनच्या बारीक तारेसाठी घडवलेली असते. दुसरा बल्ब घातला की उजेड कसाही फाकतो. समोरच्याला त्रास होतोच, पण आपलंही नुकसान. गाडीसमोरचे दहा-पंधरा मीटर झगझगीत होतात, डोळा त्या उजेडाला जुळवून घेतो आणि पुढचं कमी दिसतं. ड्रायव्हर मात्र खूश, काय उजेड पडतोय म्हणतो. त्यापेक्षा पिवळी पडलेली हेडलाईटची काच घासून घ्या आणि पुढची काच आतून पुसा. आतून म्हणतोय. बाहेरून सगळे पुसतात. आत डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा आणि धुळीचा तेलकट थर बसतो, तो दिवसा दिसत नाही आणि रात्री प्रत्येक दिव्याभोवती शेपूट काढतो.

पाऊस, धुई, घाट

धुकं, ज्याला आमच्याकडे जुनी माणसं धुई म्हणतात, ते आपल्याकडे दिल्लीसारखं नसतं. आपलं धुकं तुकड्यातुकड्याने येतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापीच्या काठाने, पाणी दिलेल्या गव्हाच्या आणि केळीच्या पट्ट्यात. एक किलोमीटर स्वच्छ, मग अचानक कापूस. खरा धोका त्या 'अचानक'मध्ये आहे, कारण स्वच्छ पट्ट्यातला वेग घेऊनच आपण आत शिरतो. धुक्यात अप्पर लावला तर उजेड पाण्याच्या कणांवर आपटून परत आपल्याच डोळ्यात येतो. डिपर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा, काच खाली करा, कान उघडे ठेवा. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याला चिकटून जाऊ नका. तो शेतात उतरला तर तुम्हीही उतराल.

चारही इंडिकेटर लावून गाडी चालवणं, हा आपला दुसरा आवडता प्रकार, पावसात तर हमखास. ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीला ते लावले की तुम्ही वळताय की उभे आहात, मागच्याला कळायचा मार्गच राहत नाही.

पावसात दोन गोष्टी बदलतात. थांबायला लागणारं अंतर वाढतं. ओल्या रस्त्यावर ताशी ६० चे ४८ मीटर सहज ६५ होतात. आणि दिसणं कमी होतं, कारण ओलं डांबर आरशासारखं वागतं. तुमचा उजेड ते पुढे फेकून देतं, तुमच्याकडे परत येत नाही. समोरच्या गाडीचा उजेड मात्र तुमच्याकडे पाठवतं. पांढरे पट्टेही पाण्याखाली जातात. मग ६० सुद्धा जास्त होतात, चाळीसच्या आसपास या.

सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांवर पाऊस तुमच्याकडे नसतानाही पाणी येतं. फरशीवरून पाणी वाहतंय आणि रात्र आहे, तर पाणी किती आहे यापेक्षा खाली फरशी उरलीय का, हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर दिव्याने मिळत नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलायला पुरतं. सकाळपर्यंत थांबा.

कन्नड घाटाचंही तेच. कागदोपत्री औट्रम घाट. ३१ ऑगस्ट २०२१ ला मुसळधार पावसात तिथे दरडी कोसळल्या आणि घाट बंद पडला. भर पावसाच्या रात्री चाळीसगावात थांबून चहा घ्या, झोपा, उजाडल्यावर चढा. माझ्या ओळखीत आजवर चाळीसगावात झोपल्याने कोणाचं नुकसान झालेलं नाही.

बिघडलेली गाडी आणि तो दगड

रात्री गाडी बंद पडली तर आधी ती डांबरावरून पूर्ण खाली घ्या, जितकी जाईल तितकी. चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण काही कामाचा नाही, मघाचं गणित आठवा. माणसं गाडीत किंवा गाडीच्या मागे न थांबता रस्त्यापासून दूर उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अ‍ॅम्ब्युलन्सला १०८, काहीही झालं तर ११२.

आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाचा पाला ठेवतात. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, दगड तिथेच. मला या दगडांचा जितका राग येतो तितका खड्ड्यांचा येत नाही. खड्डा निदान कोणी आणून ठेवलेला नसतो.

ट्रॉलीवाल्यांसाठी, कारण हा भाग ऐकणाऱ्यांत शेतकरी बरेच आहेत. चिकटवायची रिफ्लेक्टर पट्टी मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. ही पट्टी उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवते, त्यामुळे मागच्या गाडीच्या डिपरमध्येही ती शंभर मीटरच्या पलीकडून दिसते. म्हणजे माझ्यासारख्या ७५ वाल्यालासुद्धा थांबायला जागा मिळते. वायर तुटते, बल्ब जातो, पट्टीचं काही जात नाही. ऊस हंगामात कारखाने आणि परिवहन विभाग रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा घेतात, पण ट्रॉलीच्या फळीवर लावलेली पट्टी वाढ्यांनी झाकली जाते. पट्टी लावलेलं एक फळकूट दोरीने उसाच्या मागे, सर्वांत बाहेर लटकवा. तो चोपड्याकडचा पोरगा आता तसंच करतो. त्याचा नंबर घेतला होता मी, भांडणासाठी घेतला होता, आता दिवाळीला मेसेज येतो.

झोप, आणि नानांची परीक्षा

झोपेबद्दल थोडक्यात, त्यावर वेगळा भाग करायचाय. पहाटे दोन ते पाच शरीर झोपच मागतं, चहाने ती पुढे ढकलली जाते, जात नाही. डुलकी तीन-चार सेकंदांची असते आणि लागली होती हे आपल्याला कळतही नाही. लग्नाला, शेगावला, पंढरपूरला भाड्याच्या गाडीने जाता तेव्हा ड्रायव्हर आदल्या रात्री कुठे होता, हे विचारा. वाईट वाटू देऊ नका.

आणखी एक. देशभरातल्या अपघातांचे सरकारी अहवाल दरवर्षी निघतात. सर्वांत जास्त अपघात मध्यरात्री होत असतील असं वाटतं ना? ते होतात संध्याकाळी ६ ते ९. दिवेलागणीची वेळ. गर्दी सगळी रस्त्यावर, मजूर परततायत, गुरं परततायत, आणि उजेड असा की दिवे लावले तरी फरक पडत नाही, नाही लावले तरी दिसतंय असं वाटतं. तुम्ही दिसण्यासाठी दिवे लावा, सूर्य मावळायच्या आधीपासून.

शेवटी एका ताईंचा प्रश्न आला होता. वडील ६८ वर्षांचे, रात्री गाडी चालवायची थांबत नाहीत, कसं सांगायचं?

ताई, आमच्याकडे नाना ७१ चे. चाळीस वर्षं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. मी त्यांना डॉक्टरी भाषेत सांगून पाहिलं. साठीला डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा उजेड विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांश उरतो, बाहुली पुरेशी उघडत नाही, भिंग पिवळसर होतं, दिपल्यानंतर सावरायला जास्त वेळ लागतो, हे सगळं. नाना म्हणाले, "मला शिकवू नको."

मग एका संध्याकाळी मी त्यांना शेजारी बसवून यावल रस्त्याने निघालो. म्हटलं, नाना, एक खेळ खेळू. रस्त्यावर माणूस, सायकल, जनावर, काहीही दिसलं की 'दिसलं' म्हणायचं, मीही म्हणणार. पहिली दहा मिनिटं उजेड होता, आमची बरोबरी. मग अंधार पडला. मी म्हणायचो 'दिसलं', आणि जरा वेळाने नाना म्हणायचे. मग ते अंतर वाढत गेलं. साकळीच्या अलीकडे सायकलवर दुधाच्या किटल्या लावलेला एक जण होता. मी बोललो, वेग कमी केला, आम्ही त्याच्या शेजारून गेलो. नाना काहीच बोलले नाहीत. पुढे भुसावळ येईपर्यंत ते गप्प होते.

घरी आल्यावर त्यांनी त्यांच्या गाडीची चावी खुंटीला अडकवली. तेव्हापासून दिवेलागण झाली की ती तिथेच असते. गेल्या महिन्यात त्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. परवा चहा पिताना विचारत होते, "तो तुझा दिसलं-दिसलंचा खेळ परत कधी घेतोस?"